बिभीषणचा धावडा

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे नगरच्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. म्हणून ही डायरी काढली. एका फर्निचरवाल्याने दिलेली गेल्या सालची, कोरीच पडून होती. तारखा खोडून लिहितोय. इथे लिहिलं म्हणजे दुसरीकडे बोलून जायचं नाही, अशी आशा.

दुपारी लंकावहिनी आणि त्यांचा ज्ञानेश्वर आले. वहिनींचा नवरा, माझा दोस्त बिभीषण, बरोबर नव्हता, त्यातच मला निम्मं कळलं. लेथच्या आवाजाने वहिनींचं डोकं दुखतं, त्या त्याच्याशिवाय कधी माझ्या कारखान्याकडे फिरकत नाहीत. माझ्या बायकोने, केशरने, चहा दिला. त्यांनी कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. मग ज्ञानेश्वर बोलला. बिभीषणच्या पुण्याच्या तपासण्यांत पित्ताच्या पिशवीचं काही निघालं नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि तो पसरलाय. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा निघाला तरी पुष्कळ.

"त्यांना पिशवीला सूज हाय म्हनून सांगितलंय," वहिनी म्हणाल्या. "तुमी लई बोलता भाऊजी, म्हनून तुमाला आदी सांगाया आले. दुसरीकडून कळलं असतं तर तुमी तडक त्यांच्याच गळ्यात पडून रडला असता."

खोटं नाही त्यात काही. मी केशरच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. बिभीषणला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही.

तो आणि मी कर्जतकडचे, एका गावचे. एकाच एस.टी.ने नगरला आलो. मी आरा गिरणीत भुसा उपसायला लागलो. त्याला कँपातल्या क्लबात मार्करचं काम मिळालं. साहेब लोक बिलियर्ड खेळायचे, हा गुण मांडायचा, आणि जोडीदार नसला की साहेबांबरोबर खेळायचाही. मी पुढे कातारी झालो, लाटणी नि खाटेचे पाय करायला लागलो. एकदा एका मेजरची क्यू, म्हणजे बिलियर्ड खेळायची काठी, मोडली ती तो माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, लाटण्यासारखंच हाय, जरा लांब हाय इतकंच. त्याच्या त्या एका वाक्यावर माझा हा केडगावचा कारखाना उभा आहे. आज माझ्या क्यू इंदूर-बेंगळुरूला जातात. लाकूड मला ऐकू येतं, टिचकी मारली की आत ओल आहे का फट आहे ते सांगतो. पण मला खेळता येत नाही. म्हणून तयार झालेली प्रत्येक क्यू आधी बिभीषणच्या टेबलावर जाते. सावेडीत त्याचं दोन टेबलांचं पार्लर आहे. तो पास म्हणेल तेव्हाच ती बाहेर.

त्याच्या लग्नात सगळे चिडवत होते, की बिभीषणाला शेवटी लंका मिळालीच. तो म्हणाला होता, जळकी न्हाई मिळाली, जाळनारी मिळाली. वहिनी बोहल्यावर हसल्या होत्या. आज जाताना पायऱ्या उतरल्या तर गुडघ्यावर हात ठेवून.

२४ नोव्हेंबर

सकाळी दारात टेम्पो. ड्रायव्हरशेजारी बिभीषण, हौद्यात धावड्याचा ओंडका, साल अजून ओली. त्यांच्या शेताच्या बांधावरचं झाड रस्ता रुंद करताना पाडलं. भावकी सरपणाला नेत होती, हा भांडून घेऊन आला.

"आज्या, ह्याची माझी क्यू करायची."

धावड्याचे कुऱ्हाडीला दांडे होतात, पूर्वी गाडीला आख व्हायचे. चिवट लाकूड, वाकेल पण मोडणार नाही. पण वाळताना नाठाळ, जरा ऊन लागलं की फाटतं. मी त्याला म्हणालो, क्यूला परदेशी अ‍ॅशचं लाकूड लागतं, तुला काय कमी आहे का आपल्याकडे. तो म्हणाला, जन्मभर तुझ्या परदेशी काठ्या तपासल्या, आता एक बांधावरची कर.

आणि मग विचारलं, किती दिवस लागतील.

"चार वर्सं," मी सवयीने बोलून गेलो आणि जीभ चावली. पण ते खरंच आहे. ओंडका चिरून चौकोनी काठ्या पाडायच्या, टोकांना मेण लावायचं म्हणजे ओल टोकातून भसकन निघून काठी फाटत नाही. मग उत्तरेच्या दगडी खोलीत उभ्या टांगायच्या. तिथे ऊन नाही, पंखा नाही. वर्षाने थोडंसं कातायचं, परत टांगायचं. लाकडाच्या मनात जितकं वाकायचं असेल तितकं त्याला वाकून घेऊ द्यायचं. महिन्याच्या महिन्याला वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. मुरायला त्यापुढे आणखी वेळ लागतो. नुसतं वाळलेलं लाकूड पावसाळ्यात दगा देतं, मुरलेलं देत नाही.

मी सावरून घेतलं, म्हणालो तुझ्यासाठी लवकर करू, काहीतरी युक्ती काढू.

"चार म्हंजे चार," तो म्हणाला. "माझ्या लाकडाला घाई करायची न्हाई. सांगून ठिवतो."

आणि हसला. टेम्पोवाल्याबरोबर चहा प्यायला, त्याला क्लबातल्या साहेबांच्या खऱ्याखोट्या गोष्टी सांगितल्या. चार वर्षं किती सहज बोलला. मी भुसा डोळ्यात गेला म्हणून आत जाऊन तोंड धुतलं. ज्याला काही माहीत नाही तो सुखी, म्हणतात ते खरं.

१ डिसेंबर

ओंडका गिरणीत चिरला. बिभीषण खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसला. निम्म्यावर लाकूड पोकळ निघालं, पण उरलेल्या चांगल्या भागातून सात काठ्या सरळ मिळाल्या. त्याने एकेक हातात घेऊन डोळ्यापाशी धरून पाहिली. मेण मीच लावलं. सातही खोलीत टांगल्या.

तो गेल्यावर मी तिथेच उभा राहिलो. खोलीत वर्षानुवर्षांची लाकडं टांगलेली आहेत, शिसव, अ‍ॅश, मेपल. सगळ्यांना वेळ आहे. याच्याच काठ्यांना नाही.

मग एक गोष्ट केली. तीन काठ्या उतरवून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेल्या. तिथे दुपारी भट्टी असते. आधी गोणपाटात गुंडाळून ठेवीन, हळूहळू उघडीन. उन्हाळ्याआधी एक तरी वाळेल. चार वर्षांचं काम पाच महिन्यांत. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर त्याला कामावरून काढलं असतं.

पण त्याच्या हातात त्याची क्यू पडली पाहिजे. तो शुद्धीवर असताना, उभा राहू शकत असताना. एवढं एकच काम माझ्या हातातलं आहे. बाकी डॉक्टरांचं.

९ जानेवारी २०२५

बिभीषण आता दर गुरुवारी येतो. पार्लरला सुट्टी नसते तरी येतो. खोलीत स्टूल टाकून काठ्यांच्या मध्ये बसतो. बोलतो कमी. मी लेथवर असतो. मध्येच हाक मारतो की अमुक काठीचं वजन किती झालं, आणि मी काट्यावर धरून सांगतो. वहिनी म्हणतात, आठवडाभर घरात तोंड वाकडं असतं, गुरुवारी मात्र दाढी करतात.

आज म्हणाला, "सात हुत्या नव्हं?"

मी तयारच होतो. म्हणालो तीन फाटल्या, धावडा फाटतोच, चुलीत घातल्या. सांगताना हातातलं काम सोडलं नाही, मान वर केली नाही. खोटं बोलायचं तर हात चालू ठेवायचे, हे मी गिऱ्हाइकांकडून शिकलोय.

"आसू दे," तो म्हणाला. "चार पुरं."

मी काठीला टिचकी मारून ऐकत होतो. अजून बद्द वाजते. मुरलेल्या लाकडाचा आवाज भांड्यासारखा येतो. तो स्टुलावरून म्हणाला, मलाबी वाजवून बघ की, मुरलो का कच्चा हाय. आणि सदरा वर केला. पोट खपाटीला गेलंय, बरगड्या मोजता येतात. मी म्हणालो, गप रे, आधीच पिशवी सुजलीय तुझी. तो म्हणाला, व्हय, पिशवीच. सदरा खाली घेतला.

मनाने किती स्वच्छ माणूस. जे सांगितलं ते धरून बसलाय.

६ फेब्रुवारी

जेवायला बसलो होतो. गच्चीवरून आवाज आला, टच्च. केशरला ऐकू आला नाही. मी हातातला घास ठेवला. जिना चढून वर गेलो तर एक काठी बुंध्यापासून हातभर उभी फाटलेली. दुसरीलाही केसासारखी रेघ, ती उद्यापर्यंत जाईल. तिसरी ठीक आहे. तिला परत गोणपाटात गुंडाळलं.

खाली आलो तर आमटी गार. केशर म्हणाली, एवढं चोरून करण्यापेक्षा त्यांना सांगा ना सरळ. मी म्हणालो, तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय. ती म्हणाली, माझं डोकं राहू द्या, आधी तुमचं जागेवर आहे का बघा.

बायकांना औषधापेक्षा खरं बोलण्याचा भरवसा फार.

१२ मार्च

बेंगळुरूच्या एका खेळाडूची क्यू तयार झाली. अ‍ॅशची, बुंध्याला शिसव. अशी क्यू माझ्या हातून वर्षातून एखादी होते. जोड इतका बसलाय की नखाला लागत नाही. मी टिचकी मारून ऐकली, टोकापासून बुंध्यापर्यंत एक आवाज. घेऊन सावेडीला गेलो.

पार्लरमध्ये एकच टेबल उरलंय. दुसरं विकलं म्हणे. ज्ञानेश्वर सुप्याच्या कंपनीत आहे, त्याला या धंद्यात रस नाही, त्यानेच मागे लागून विकायला लावलं असणार. बिभीषणने क्यू जोडली, टोकाला खडू लावला. तोल धरायला त्याला टेबलाची कड धरावी लागली, पण वाकला आणि मारली तेव्हा जुनाच बिभीषण. लाल चेंडू कडेने घासत जाऊन पडला. दोन-तीन मारल्या. मग क्यू उभी धरून म्हणाला, "पास न्हाई. जोडात बोलतीय."

जोडात काही बोलत नव्हतं. माझे कान आहेत हे. एरवी मी तिथेच त्याची आई-माई काढली असती. आमची भांडणं ऐकायला बाजूच्या सलूनमधली माणसं उठून यायची. एकदा एका क्यूवरून आम्ही दिवाळी येईस्तोवर बोललो नव्हतो. पण आज त्याच्या मनगटाची हाडं दिसत होती. कशाला दुखवायचं. म्हणालो, व्हय, मलाबी जरा वाटलंच, परत खोलतो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुलाबी वाटलं," तो म्हणाला.

"व्हय."

मग क्यू पेटीत ठेवली, खडू खिशात टाकला आणि दिवा घालवला. दमला असेल. रिक्षात घालून घरी सोडलं. वाटेत नुसता बाहेर बघत होता. मी मात्र समाधानाने आलो की आजारी माणसाचं मन राखलं.

केशरला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "आहो, तुमी त्यांच्याशी भांडला न्हाईत?"

तिला काय म्हणायचंय ते कळलं नाही. क्यू तशीच बेंगळुरूला पाठवली.

२० एप्रिल

तिसरी काठी उतरवली. ओल मोजायचं मीटर लावलं, आकडा बरा आला. टिचकी मारली तर आवाज अर्धवट, उकळायला आलेल्या दुधासारखा. मुरलेली नाही. पण थांबायला वेळ कुठे आहे. बिभीषण गेले दोन गुरुवार आला नाही.

एरवी जे तीन वर्षांत तीनदा कातलं असतं ते एका आठवड्यात कातलं. प्रत्येक पात्याला काठी कुरकुरत होती. बुंध्याला सगळ्यात जुनं शिसव लावलं, माझ्या पहिल्या खरेदीतलं, कुणासाठीच काढलं नव्हतं ते. धावड्याचा रंग पॉलिश चढल्यावर मधासारखा आला. दिसायला माझ्या सगळ्या क्यूंत देखणी झाली.

पावसाळ्यात वाकेल. जूनची हवा लागली की वाकेल. पण पावसाळ्यापर्यंत

पुढचं लिहवत नाही.

११ मे

आज क्यू घेऊन गेलो.

घरात कूलर चालू, खाट खिडकीशी. वहिनींनी भिंतीला उशा लावून त्याला बसवलं. मी पेटी उघडली. मनात सगळं ठरवून गेलो होतो. सांगायचं की जुन्या साठ्यात धावड्याची एक मुरलेली काठी सापडली, तुझ्या चार तिकडे आहेतच, ही तोवर वापर.

त्याने क्यू घेतली. डोळ्यापाशी धरून लांबवर पाहिलं. अंगठा फिरवला. बुंध्याच्या वर बोटभर अंतरावर लाकडातल्या गाठीचा एक बारीक काळा डोळा आहे, तिथे अंगठा थांबला. मग त्याने वहिनींना सांगितलं की ताक कर, पातळ कर, मीठ घालू नको. वहिनी आत गेल्या.

"ही चुलीत घातल्यातली नव्हं?" तो म्हणाला.

मी हात चालू ठेवायला बघितलं, पण हातात काहीच नव्हतं.

"घाई केलीस, आज्या."

मी म्हणालो, तुझ्या हातात लवकर पडावी म्हणून केली. तुला टेबल खेळायचं असतं, कशाला थांबायचं. काय काय बोललो. तो ऐकत होता. मग म्हणाला, बास कर. हळू आवाजात, आतल्या भांड्यांचा कानोसा घेत तो बोलत होता. ते आठवेल तसं लिहितो, कारण हे विसरायचं नाही.

"ज्ञान्या पुन्याला रिपोर्ट घिऊन भाईर आला तवाच मला कळलं. पोटच्या पोराचं त्वांड वाचता येत न्हाई व्हय? लंकीनं पिशवी सांगितली, म्या पिशवी म्हनलं. म्हनलं आसू दे, तिला तेवढाच आधार. पर तुला म्हाईत नसंल आसं वाटायचं मला. म्हनून तुझ्याकडं वलं लाकूड घिऊन आलो. चार वर्सं लागत्याली आसं मला कुनीतरी खरंखुरं सांगावं म्हनून आलो. तू सांगितलंस बी. किती ग्वाड वाटलं."

मी म्हणालो, मग सातांतल्या तीन...

"ते कळलं हुतं. तरी म्हनलं, फाटल्या आसतील. मग त्या क्यूला म्या वाईट म्हनलो आन तू मान डोलावलीस. चांगली हुती की रं ती. तवा म्हनलं, ह्याला बी सांगितलंय."

मी पेटीचं झाकण लावलं.

"घरात गोळ्या टायमावर, जेवान टायमावर, समदी माझ्याकडं घड्याळ बघून बगत्यात. तुझी ती खोली तेवढी हुती जितं कशालाच घाई नव्हती. तितं जाऊन बसलो की वाटायचं, मलाबी चार वर्सं हायत. टांगल्याली हायत तितं. ती तू तासून आनलीस."

वहिनी ताक घेऊन आल्या. त्याने लगेच क्यू उंच धरली आणि म्हणाला, बघ गं, शेठनी काय केलंय, आहेराच्या सोन्यासारखी दिसतीय. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं तो खूश आहे.

निघताना माझा हात धरून कानात म्हणाला, लंकीला कळू दिऊ नको. तिला वाटतंय तिनं मला संभाळलं.

रिक्षा केली नाही. सावेडीपासून केडगावपर्यंत चालत आलो. मी, ज्याला लाकडातली फट ऐकू येते.

८ जून

ज्ञानेश्वरच्या गाडीतून बिभीषण कारखान्यात आला. वहिनी बरोबर होत्या, त्या गाडीतच बसल्या. हा उतरला तो ती धावड्याची क्यू काठीसारखी टेकत. खाली रबराचं बूच लावलंय. माझं शिसव, माझं पॉलिश, आणि हा फरशीवर ठकठक आपटत येतोय.

माझा तोल गेला. म्हणालो, अरे लाज वाटत न्हाई का, टेकायला दुसरी काठी नव्हती घरात.

तो म्हणाला, खेळायला कच्ची हाय, टेकायला चांगली हाय. केलेली वाया कशाला घालवायची.

खोलीत जाऊन स्टुलावर बसला, धापा टाकत. चार काठ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "उलट्या टांगल्यास."

मी बुंधा वर ठेवून टांगतो. जड बाजू वर, हलकी खाली, म्हणजे बारीक टोकावर भार येत नाही आणि ते मोकळं राहून सरळ होतं. आजवर असंच टांगत आलोय. तो म्हणाला, झाड जसं उभं हुतं तशी काठी ठिवायची, बुंधा खाली, रस मुळाकडनं शेंड्याकडं गेलेला आसतो, उलटी टांगली की लाकूड इसरतं कुठं बघायचं ते. मी म्हणालो, लाकूड काय शाळेत जातं का विसरायला. तो म्हणाला, तू तरी कुठं गेल्तास. मी म्हणालो, चार वर्षं मार्कर होऊन गुण मांडले म्हणून कातारी होत नसतो कुणी. तो म्हणाला, लाटणी करणाऱ्याला क्यू कुनी दावली ते इच्यार गावाला. मग आमचा आवाज इतका चढला की लेथवरची पोरं काम थांबवून दारात आली. त्याला खोकला आला तरी बोट माझ्याकडे रोखलेलंच.

वहिनी गाडीतून धावत आल्या. मला असं काही बोलल्या की पुन्हा तोंड दाखवायला लाजावं. आजारी मानसावर वरडता, तुमाला काय जनाची न्हाई तर मनाची. मी खाली मान घालून उभा. बिभीषण स्टुलावर बसून हसत होता, बरगड्या धरून, नवरदेव असताना हसला होता तसा.

शेवटी तोड निघाली. दोन काठ्या माझ्या पद्धतीने, बुंधा वर. दोन त्याच्या पद्धतीने, खाली खुंटीला बांधून, बुंधा खाली. ज्याच्या सरळ राहतील त्याचं खरं. त्याने स्वतः उठून त्याच्या दोन काठ्यांच्या गाठी मारल्या. बोटांत जोर नव्हता, वेळ लागला. मी हात लावला नाही.

गाडीत बसताना म्हणाला, "कवा कळंल?"

"चार वर्सांनी," मी म्हणालो.

"तेच म्हनलं."

३ जुलै

बिभीषण पहाटे गेला. झोपेतच. अमरधाममध्ये मी ज्ञानेश्वरच्या मागे उभा होतो.

१२ जुलै

दहावा झाला. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बोलावून विचारलं, भाऊजी, शेवटपर्यंत त्यांना कळलं न्हाई ना. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. राहिली. म्हणालो, न्हाई वहिनी, त्याला काय कळतंय.

त्या म्हणाल्या, "व्हय. साधं मानूस." आणि पदराने तोंड पुसलं. मला वाटलं त्या आणखी काही बोलतील, पण त्यांनी बाजूच्या बाईला पाणी मागितलं.

५ ऑक्टोबर

यंदा सप्टेंबरमध्ये पाऊस हटलाच नाही. गावाकडे नदीचं पाणी शेतात शिरलं, तीन-चार दिवस फोनही लागत नव्हते. कारखान्यात भिंतींना घाम. मी खोलीचं दार बंदच ठेवलं होतं. आत जायला कारण नव्हतं असं नाही; वजनं दोन महिने राहिली होती. जाववत नव्हतं.

आज ऊन पडलं, म्हणून उघडलं. स्टूल बाजूला सरकवलं. चारही काठ्या एकेक करून उतरवल्या, काट्यावर धरल्या. चौघींचं वजन अजून उतरतंय. ओल्याच आहेत.

मग दारात उजेडाला उभं राहून डोळ्यापाशी धरून पाहिल्या. माझ्या दोन आधी. एक बरी. दुसरी मध्यावर डावीकडे गेलीय, फार नाही, पण डोळ्याला लपत नाही. परत पाहिली, फिरवून पाहिली. गेलीय.

बिभीषणच्या दोन्ही सरळ. दोऱ्यासारख्या.

तोंडातून शब्द येणार होते. लेथ बंद होती, पोरं जेवायला गेली होती, कुणी ऐकायला नव्हतं. बरं बाबा, तुझं खरं, एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. ओठापर्यंत आलं आणि मी तोंड मिटलं. मार्चमध्ये जे खोटं होतं ते मी लगेच कबूल केलं होतं.

चारही परत टांगल्या. माझ्या दोन बुंधा वर, त्याच्या दोन बुंधा खाली. त्याच्या काठ्यांच्या गाठी सोडाव्या लागल्या होत्या, त्या त्याच जागी, त्याने मारल्या होत्या तशा पुन्हा मारल्या. दार लावताना मोठ्याने सांगितलं, आत ऐकू जाईल असं.

"येका पावसाळ्यावरनं काय ठरत नसतं. आजून तीन हायत."